सुईच्या टोकाएवढं

मे महिन्यातली दुपार. सिव्हिल लाइन्स.
कूलरची टाकी कोरडी,
पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा वाटतोय,
आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत
कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसलाय
एका कंपनीचा भागीदार.

कागदावर तसंच आहे. पान चौदा, कलम नऊ:
'सदर व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक असून
उभयतांत मालक-नोकर असे कोणतेही नाते नाही.'
खाली सही नाही, अंगठाही नाही.
मोबाइलच्या काचेवर एकदा टेकवलेलं बोट, बस.

नाव?
दुर्योधन बावणे. वाडी, आठवा मैल.
गोदामातून पार्सल नेतो जी, पार वर्धमाननगरलोक.

मी छापील प्रश्न विचारत जातो.
अठ्ठावीस वर्षं हेच करतोय.
शर्ट कोणाचा?
कंपनीचा. पैसे माहे कटले.
गाडी?
माही. हप्ता बी माहाच.
दर कोण ठरवतं?
फोन.
सुट्टी?
तो हसतो.
घेता येते ना साहेब, मालकच आहो आमी.
दोन दिवस घेतली
का तिसऱ्या दिवशी फोन वयखत नाही मले.

वकील उठतात. तरुण आहेत,
या उन्हातही कोट उतरवलेला नाही.
'ते केव्हाही लॉग-आऊट करू शकतात.
हेच तर स्वातंत्र्य.'
मी लिहून घेतो: स्वातंत्र्य.
शब्दाला अवतरणचिन्हं लावायची
मला परवानगी नाही.

पाय केव्हा मोडला?
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. इतवारीत.
मारबत चालली होती, लोक ओरडून राहिले होते,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत,
मी गाडीखाली, अन् खिशात फोन वाजून राहिला:
तुम्हाला चार मिनिटं उशीर झाला आहे.
कंपनी काय म्हणाली?
म्हणाली, भागीदाराचा पाय भागीदाराचा.

त्याचं नाव जबाबाखाली पुन्हा लिहिताना
मला हसू येतं, आणि अर्ध्यात थांबतं.
त्या दुर्योधनाने
सुईच्या टोकावर मावेल एवढी माती दिली नव्हती.
हा तेवढंच मागायला आलाय.
एक शब्द: कामगार.
दवाखाना त्या शब्दाच्या पोटात आहे,
रविवार आहे,
आणि कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असणं आहे.

मुंबईहून परिपत्रक आलंय, सोळा ओळींचं:
'करारातील नाव न पाहता
कामाचे स्वरूप पाहावे.'
बरं लिहिलंय कोणीतरी. मी दोनदा वाचलं.
मोहीम राबवायची आहे जिल्हाभर, तीस दिवसांत.
निरीक्षक चार. जीप एक,
तिच्या डिझेलचं बिल मार्चपासून अडकलेलं.
आणि हिंगण्यात एका कारखान्याने आधीच
भागीदार हा शब्द खोडून
सगळ्यांना 'स्नेही' करून टाकलंय.
स्नेह्याला बोनस मागता येत नाही.

तरी आदेश लिहिला.
कामगार. तीन ठिकाणी. खाडाखोड न करता.
ते अपिलात जातील, मला ठाऊक आहे,
वकिलांनी तारखा मोजायला डायरी काढलीच होती.

टाइप करताना रंजू कुंभलकर थांबली.
सहा वर्षं याच टेबलावर बसते,
साडेनऊला येते, मी सोडलं की जाते,
चष्म्याचा नंबर इथेच दोनदा वाढला.
तिची हजेरी मात्र रामदासपेठेतल्या एजन्सीत,
आणि कागदोपत्री ती
सेवा पुरवठादार.

'साहेब, ते कामाचं स्वरूप वालं वाक्य
ठळक करू का?'

करा, म्हणालो.
खिडकीबाहेर कडुलिंबाखाली दुर्योधन
कुबडी टेकवून गाडीवाल्याशी भाव करत होता.

प्रती तीन काढायच्या होत्या:
अर्जदार, कंपनी, फाइल.
यंत्रातून चार आल्या.

चौथी कुठे गेली
मी विचारलं नाही.